दुसऱ्याच्या शेतातून, हक्काने

इंग्लंडमधल्या खेड्यात पहिल्यांदाच फिरायला निघालेलं मराठी कुटुंब हमखास एखाद्या फाटकापाशी थबकतं. समोर कुणाचं तरी कुरण, त्यात मेंढ्या, पलीकडे शेतकऱ्याचं घर आणि फाटकाच्या खांबावर एक छोटा पिवळा बाण. आत जायचं का? मालक हटकणार तर नाही? खुशाल जावं. पिवळा बाण दिसला की ती पायी चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट असते. जमीन शेतकऱ्याची असते, पण त्या पट्टीवरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा असतो, परदेशातून आलेल्या पाहुण्याचासुद्धा. निळा बाण असला तर तिथून घोडेस्वार आणि सायकलवालेही जाऊ शकतात. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरते.

मुलांना घेऊन या वाटांची ओळख करून घ्यायची असेल, तर मी यॉर्कशर डेल्समधल्या मॅलम गावाचं नाव सुचवेन. लीड्सला मुलगा-सून किंवा लेक-जावई असलेल्या आजी-आजोबांना तर ते फारच सोयीचं. लीड्सहून रेल्वेने पाऊण तासात स्किप्टन येतं, तिथून पुढे मोटारीने अर्धा तास. मुलं अंतराने दमत नाहीत, कंटाळ्याने दमतात, असं माझं पक्कं मत आहे. मॅलमच्या आठेक किलोमीटरच्या फेरीत कंटाळा यायला जागाच नाही.

फेरी राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रापासून सुरू करावी आणि आधी जॅनेट्स फॉसकडे वळावं. फेरी उलट्या बाजूनेही होते, पण मग सुरुवातीलाच चारशे पायऱ्यांचा चढ लागतो आणि धाकटं मूल तिथेच कडेवर येतं. जॅनेट्स फॉसची वाट ओढ्याच्या कडेने, जवळजवळ सपाटीवरून जाते. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय, मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती, थेट आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या. त्यांच्यात मध्येमध्ये अरुंद फट ठेवलेली असते. माणूस अंग तिरकं करून निघून जातो, मेंढी मात्र अडते. अशा फटींतून शिरायला मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त मजा येते.

मग झाडी लागते. एप्रिल-मे महिन्यांत तिथली जमीन रानलसणीच्या पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि तिचा वास बराच आधीपासून येऊ लागतो. धबधबा लहानसाच आहे. त्याच्यामागच्या गुहेत जॅनेट नावाची पऱ्यांची राणी राहते, अशी इथली जुनी समजूत. धबधब्याखालच्या डोहात लोकर कापण्याआधी मेंढ्या धुवायची रीत होती, आणि तो गावाचा वर्षातला एक मोठा दिवस असे. पाणी ज्या फुगीर दगडावरून घसरतं, तो पाण्यातल्याच चुन्याचा बनलेला आहे. वाहत्या पाण्यातला चुना शेवाळावर थर धरतो आणि शेकडो वर्षांत त्याचा दगड होतो. शाळेत पाठ केलेला भूगोल इथे समोर घडताना दिसतो. त्या दगडावर चढू मात्र देऊ नये, तो ठिसूळ असतो.

पुढे थोडा डांबरी रस्ता, मग गॉर्डेल स्कार. सुरुवातीला नुसतं कुरण दिसतं. कडे दोन्हीकडून जवळ येत जातात आणि एका वळणावर माणूस शंभरेक मीटर उंचीच्या चुनखडकाच्या घळीत उभा राहतो. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने १८१२ ते १८१४ या काळात रंगवलेलं याच घळीचं चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. सव्वातीन मीटर उंच आणि चार मीटरहून रुंद असा तो कॅनव्हास आहे. घळीतल्या धबधब्याच्या कडेने वर चढणारी माणसं दिसतील. ती चढण हातापायांनी करायची आहे, दगड ओले असतात. लहान मुलं सोबत असतील तर इथून मागे फिरावं. घळ खालूनच पाहायची चीज आहे, वर न गेल्याने काही हुकत नाही.

मागे फिरून रस्त्यावर आलं की तिथून कुरणांतून चढत वाट मॅलम कोव्हच्या माथ्यावर पोचते. या सगळ्या फेरीचा गाभा हाच. सुमारे ऐंशी मीटर उंचीचा, अर्धवर्तुळात वळलेला पांढरट कडा. त्याचा खडक तेहतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचला. शेवटचं हिमयुग ओसरताना वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून प्रचंड धबधब्याच्या रूपाने कोसळत होतं. आज कडा कोरडा असतो, कारण चुनखडकाला भेगा पडल्या आणि पाणी जमिनीच्या पोटात शिरलं. ६ डिसेंबर २०१५ रोजी, डेझमंड वादळाच्या पावसात, भूमिगत वाटा तुंबल्या आणि कित्येक पिढ्यांत प्रथमच कड्यावरून पुन्हा धबधबा कोसळला.

माथ्यावर आहे ती नैसर्गिक फरशी. बर्फाने माती खरवडून नेली आणि किंचित आम्ल पावसाने उघड्या खडकाच्या फटी रुंदावल्या. फटींत वाकून पाहिलं की वाऱ्यापासून आणि मेंढ्यांच्या तोंडापासून सुरक्षित राहिलेली नेची दिसतात. मुलांना एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या माराव्याशा वाटतात, पण दगड पावलांनी गुळगुळीत झालेत, आणि फटीत पाय अडकला तर घोटा मोडतो. कड्याच्या टोकाला कठडा नाही. इथे हात धरूनच चालावं. हॅरी पॉटरचे चाहते असलेल्या मुलांना हे आधीच सांगू नका, २०१० सालच्या चित्रपटातली ही जागा ती स्वतःच ओळखतील.

पाण्याचं एक कोडं मुलांपुढे जरूर टाकावं. वर माळावर मॅलम टार्न नावाचं तळं आहे. त्यातून निघालेला ओढा थोडं अंतर वाहतो आणि जमिनीत गडप होतो. इकडे कोव्हच्या पायथ्याशी एक ओढा बाहेर पडतो. दोन्ही एकच, असं कुणालाही वाटेल. रंग मिसळून पाहिलं तेव्हा कळलं, तळ्याचं पाणी मुख्यतः गावाच्याही खाली, एअर हेडला उगवतं आणि पुढे एअर नदी होऊन लीड्स शहरातून वाहतं. कोव्हखालचा ओढा माळावर दुसऱ्याच ठिकाणी बुडालेला असतो.

या वाटा आपोआप मिळाल्या नाहीत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या आसपासचे शेकडो कामगार तरुण शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काउट डोंगरावर मुद्दाम शिरले. त्यांतल्या पाचजणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, त्याने सार्वजनिक वाटा नकाशावर नोंदवणं बंधनकारक केलं. ४३१ किलोमीटरच्या पेनाइन वे या पायमार्गाचं उद्घाटन २४ एप्रिल १९६५ रोजी मॅलमच्याच माळावर झालं. किंडरची तारीख तीच होती. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामायिक जमिनींवर वाट सोडूनही चालायची मुभा दिली.

आपल्याकडेही शेतात जायच्या वहिवाटीवरून तहसीलदारापर्यंत दावे जातात, पण तो प्रश्न त्या शेतकऱ्यांचा आपसातला असतो. इथे निव्वळ फिरायला आलेल्या परक्या माणसालाही वहिवाट आहे, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याविना जात राहिले तर १९८०च्या महामार्ग कायद्याप्रमाणे ती सार्वजनिक मानली जाऊ शकते. शेतातून जाणारी वाट नांगरली, तर शेतकऱ्याने ती मुदतीत पूर्ववत करून द्यायची असते.

चालणाऱ्यांनीही काही पाळायचं असतं. फाटक जसं सापडलं तसंच ठेवावं. उघडं असेल तर उघडं, कारण पलीकडे गुरांना पाणी असू शकतं. कोकरांना हात लावू नये, मेंढी बावचळते. वासरू असलेल्या गाईपासून लांबून वळसा घालावा, दोघांच्या मध्ये तर मुळीच शिरू नये. दुधाळ जातीचा दहा महिन्यांवरचा वळू वाटेच्या शेतात सोडायला बंदी आहे, मांसासाठी पाळलेल्या जातींचा मात्र गाईंसोबत असू शकतो. खाल्लेल्या संत्र्याची सालंसुद्धा पिशवीतून परत न्यावीत.

बाबागाडीतलं बाळ किंवा गुडघे दुखणारे आजोबा सोबत असतील, तर पूर्ण फेरीचा हट्ट नको. गावापासून कोव्हच्या पायथ्यापर्यंतची वाट रुंद आणि पायऱ्यांविना आहे, जाऊन-येऊन तासाभराची. वसंतात कड्यावर ससाण्यांची जोडी घरटं करते, दुर्बीण जवळ ठेवावी. पूर्ण फेरीला मुलांसह अर्धा दिवस धरावा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत दिसतं, डिसेंबरात चार वाजताच अंधारतं. पावसाचं जाकीट उन्हातही घ्यावं, आणि बसने जाणार असाल तर निघण्याआधी परतीच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी, कारण तिकडे बस मोजक्याच आहेत.