मुदत संपल्यावरचा न्याय

सर्वोच्च न्यायालयातील पेटंटविषयक वादांचा विषय निघाला की २०१३ चा ‘नोव्हार्टिस’ निकाल प्रथम आठवतो. तो वाद कर्करोगाच्या औषधाचा, पर्यायाने रुग्णांच्या जिवाचा होता. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांचा खटला अधिक बोलका वाटतो.

लेथवर फिरणारे भांडे पक्के धरून ठेवणाऱ्या साधनासाठी १९५१ पासूनचे पेटंट एका कारखान्याकडे होते. प्रतिस्पर्ध्याने ते साधन वापरल्याची तक्रार झाली. पेटंट आधी रद्द झाले, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते पुन्हा उचलून धरले आणि अखेर डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. जुन्या पद्धतीत कारागिराने केलेली किरकोळ सुधारणा हा शोध नव्हे आणि पेटंट मिळाले म्हणून त्याची वैधता सिद्ध होत नाही, ही तत्त्वे आजही प्रमाण मानली जातात. पण १९११ च्या कायद्यानुसार पेटंटची मुदत होती १६ वर्षे. म्हणजे निकालापूर्वीच दशकभर आधी ती संपली होती. तत्त्व देशाला लाभले. दोन्ही कारखान्यांना काय लाभले?

२००९ मध्ये बजाज ऑटो आणि टीव्हीएस यांचा दोन स्पार्क प्लगच्या इंजिनासंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. असे दावे अंतरिम मनाई हुकमाभोवतीच घोटाळत राहतात, अशी नाराजी नोंदवून न्यायालयाने दररोज सुनावणी घेऊन ते साधारण चार महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले. प्रत्यक्षात या दोन कंपन्यांचा वाद मिटला तो २०१९ मध्ये, आणि तोही तडजोडीने.

एप्रिल २०२५ मधील ‘क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स’ निकालाने डिझाइन आणि प्रताधिकार यांतील सीमारेषा स्पष्ट केली. नोंदणीकृत डिझाइनला जास्तीत जास्त १५ वर्षांचे संरक्षण मिळते. कलाकृतीवरील प्रताधिकार मात्र निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. साहजिकच यंत्राच्या आराखड्याला ‘कलाकृती’ म्हणवून घेण्याचा मोह होतो. आराखडा ही निखळ कलाकृती आहे की औद्योगिक वस्तूला लागू केलेले डिझाइन, हे वस्तूची मुख्य उपयुक्तता पाहून ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. विवेचन मोलाचे आहे. परंतु २०१८ चा तो दावा चालवण्याजोगा आहे की नाही, एवढ्यावरच सात वर्षे गेली.

पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला मुदतीचा करार. विलंबाने खरा संशोधक नागवला जातो आणि कुचकामी पेटंट स्पर्धकांची वाट अडवून बसते. दोन्ही प्रकारांत किंमत मोजतो तो ग्राहक. प्रशासनातील अनुभवावरून मला वाटते, येथे नवा कायदा नको. व्यापारी न्यायालयांचा २०१५ चा कायदा आहे, दिल्ली उच्च न्यायालयात २०२१ पासून बौद्धिक संपदा विभाग आहे, स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमण्याची तरतूद पेटंट कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. या साधनांचा नेमाने वापर व्हावा आणि २००९ च्या आदेशाचे पालन किती झाले, याचा हिशेब उच्च न्यायालयांनी दरवर्षी जाहीर करावा. मुदतीच्या हक्काला बेमुदत सुनावणी परवडत नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)