आमसुलाचे पाणी आणि अंगावरचे पित्त

अंगावर पित्त उठले की आई वाटीभर पाण्यात पाच-सहा आमसुले भिजत घाली आणि ती कुस्करून ते लालसर पाणी आम्हा मुलांच्या अंगाला चोळी. थोड्या वेळात खाज निवत असे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पण तो आराम नेमका कशाने पडत होता, या प्रश्नाने मला पन्नाशीतही ग्रंथालयात बसवले आहे.

घोटाळा नावापासूनच आहे. या गांधींचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी आपल्या कणांत साठवलेले हिस्टामीन बाहेर सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि गांध उठते. मज्जातंतूंची टोके चेतवली जातात आणि खाज सुटते. वनस्पतींनी यांतल्या दोन्ही टप्प्यांवर औषधे दिली आहेत.

मज्जातंतूंवर काम करतो तो पुदिन्याच्या कुळातला मेन्थॉल. तो त्वचा थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाला चेतवतो. मेंदूकडे गारव्याची वर्दी जाते आणि खाजेची मागे पडते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी हे प्रथिन मेन्थॉलच्याच साहाय्याने शोधले. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी त्यांना २०२१चे नोबेल मिळाले.

मास्ट पेशींची कथा इजिप्तमधल्या खेल्ला या वनस्पतीपासून सुरू होते. ही बडीशेपेच्या कुळातली. तिच्यातल्या खेलीन या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेली संयुगे रॉजर अल्टूनियन या दमेकरी डॉक्टराने स्वतःवरच तपासली. त्यातून १९६५ साली क्रोमोग्लायकेट हाती आले. ते मास्ट पेशींना हिस्टामीन सोडू देत नाही. मात्र आधीपासून घ्यावे लागते. ॲलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांसाठी त्याचे थेंब आजही वापरतात.

मग आमसुलाचे काय? कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असते आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याचा दाहशामक गुण दिसला आहे. परंतु ते पाण्यात फारसे विरघळत नाही. आईच्या वाटीत उतरत होते ते मुख्यतः आम्ल आणि रंग. म्हणून माझा तर्क असा, की आरामाचा मोठा वाटा गार पाण्याचा आणि आईच्या हाताचा होता. गारव्याने खाज कमी होतेच. ज्यांना थंडीनेच गांधी उठतात, त्यांना मात्र हा उपाय उलटेल.

हा तपास मी करत राहिलो, त्याला आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी कोळंबी खाऊन धाकट्या भावाच्या अंगावर गांधी उठल्या. मी सवयीने आमसुले भिजत घातली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, घसा आवळल्यासारखा वाटतोय." तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी लगेच मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि तो वाचला. गेलेला वेळ माझ्यामुळे गेला होता.

आमसुले आजही आमच्या डब्यात असतात. नुसत्या गांधी असतील तर त्यांचे पाणी मीही लावतो. ओठ, जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा घेरी आली, तर वाटी तशीच ठेवून दवाखाना गाठावा.