वेश बदलला, अक्षरं तीच

संगणकावर लिहिणाऱ्यांची एक धास्ती आता घरोघरी पोचली आहे. रात्री यंत्र आपलं आपण नवी आवृत्ती बसवून घेतं आणि सकाळी फाईल उघडावी तर फाँट निराळा, ओळींतलं अंतर निराळं, पांढरं पान काळंकुट्ट! ‘माझं सगळं लिखाण गेलं हो!’ असे फोन मला येतात. मी साधा बी.ए. झालेला माणूस, संगणक शिकलेला नव्हे. पण कविता त्याच्यावरच लिहितो आणि मित्रांच्या फायली सोडवता सोडवता काही गोष्टी कळल्या, त्या सांगतो.

पहिली गोष्ट, मजकूर वेगळा, सेटिंग वेगळं आणि थीम वेगळी. मजकूर म्हणजे माणूस, सेटिंग म्हणजे त्याच्या सवयी, थीम म्हणजे कपडे. नवी आवृत्ती बहुधा सवयी आणि कपडे बदलते, माणसाला हात लावत नाही. वर्डचा ठरलेला फाँट २००७ च्या आवृत्तीत टाइम्स न्यू रोमनचा कॅलिब्री झाला, २०२३ पासून ॲप्टॉस आला. आपली मराठी मात्र फाँटच्या चौकटीतल्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या कप्प्यातून चालते. वरचा फाँट कितीही बदला, देवनागरी हलत नाही, कारण तिचा फाँट तिथं निवडावा लागतो. आणि पान काळं दिसलं तरी घाबरू नका, छापताना ते पांढऱ्यावर काळंच येतं.

थीम का बिघडते? थीम म्हणजे कुठल्या भागाला कुठला रंग, याची यादी. नव्या आवृत्तीत नवे भाग येतात, जुन्या यादीत त्यांची नावंच नसतात. मग काळ्यावर काळी अक्षरं उमटतात. अशा वेळी आधी सॉफ्टवेअरची स्वतःची थीम लावून पाहावी. अक्षरं दिसली, तर दोष आपल्या जुन्या थीमचा.

दोष त्यातही नसेल, तर वर्ड ‘सेफ मोड’मध्ये उघडावं. कंट्रोलची कळ दाबून धरून वर्ड सुरू केलं की ते तसं विचारतं. तिथं सगळं नीट चाललं, तर दोष जोडलेल्या उपसाधनांत किंवा ‘नॉर्मल’ नावाच्या साच्यात आहे. वर्ड बंद करून साच्याच्या फाईलचं नाव बदलावं, वर्ड नवा साचा स्वतः तयार करतं. जुना पुसू नये, आपल्या सवयी त्यात असतात. उपसाधनं सोळा असतील तर निम्मी बंद करून पाहावं, मग उरलेल्यांतली निम्मी. एकच साधन बिघडलेलं असेल तर ते चार खेपांत सापडतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या व्हीएस कोडमध्ये तर ही निम्म्यानिम्म्यानं शोधायची सोयच करून ठेवली आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. कधी कधी मजकूरच ओळखू येत नाही. तेव्हा पडद्यावर काय दिसतं, ते नीट पाहावं. रिकामे चौकोन दिसले, तर फाँट नाही, अक्षरं शाबूत आहेत. प्रत्येक अक्षराआड तीच दोन परकी चिन्हं पुन्हा पुन्हा दिसली, तर फाईल चुकीच्या संकेतानं वाचली गेली आहे. ‘यूटीएफ-८’ निवडून ती पुन्हा उघडावी. इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसलं, तर बहुधा फाईल जुनी आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ मध्येच आली, पण आपण त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहीत राहिलो. त्या फायलींत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची चिन्हं आणि त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. इथं मात्र कपडे गेले की माणूसच ओळखू येत नाही! तो फाँट मिळवून बसवावा, मजकूर परत दिसू लागतो. मग परिवर्तकानं तो युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरं आणि रफार तिथं हमखास दगा देतात.

चौथी खूण सगळ्यांत वाईट, ती म्हणजे ओळीभर प्रश्नचिन्हं. देवनागरी न सामावणाऱ्या संकेतात फाईल जतन झाली की प्रत्येक अक्षराच्या जागी खरंच प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. मग कुठल्याही फाँटनं ते अक्षर परत येत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाईल आपणहून यूटीएफ-८ मध्येच जतन करतं, त्यामुळे तिथला धोका पुष्कळ कमी झाला. पण जुनी यंत्रं, जुनी सॉफ्टवेअर अजून घरोघरी आहेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच. फाईल ओळखू येईना, तर ‘सेव्ह’ची कळ दाबू नका. न जतन करता ती बंद करा, तिची प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. आणि कपाटात जुन्या सीडी असतील, तर त्या आजच उघडून पाहा. कुणाच्या वडिलांच्या आठवणी असतील, कुणाच्या आईच्या ओव्या असतील. त्या वाचता येण्यासाठी लागणारा फाँट आज मिळाला, तर तोही त्यांच्याशेजारी जपून ठेवा.