न झिजणाऱ्या ब्रेकची झीज

मोटार किती वेगानें धांवते हें विचारण्याची हौस सर्वांनाच असते. ती किती लवकर थांबते हें विचारणारा विरळा. नवी मोटार दारांत उभी राहिली म्हणजे शेजारीपाजारी तिचा रंग पाहतात, किंमत विचारतात, ताशीं किती मैल जाते याची चौकशी करतात. परंतु ज्या साधनाच्या भरंवशावर ती धांवावयाची, त्या ब्रेकबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाहीं. कठोपनिषदांत शरीराला रथाची उपमा दिली आहे. तेथें इंद्रियें हे घोडे, बुद्धि हा सारथि आणि मन हा लगाम होय. घोड्यांचें वर्णन करून उपनिषत्कार थांबला नाहीं, त्यानें लगामाची आठवण ठेविली. आजच्या रथाचा लगाम म्हणजे ब्रेक. त्याचा एक अत्यंत महाग प्रकार गेल्या पाव शतकांत वेगवान मोटारींवर दिसूं लागला आहे. त्यास सिरॅमिक ब्रेक म्हणतात. तो झिजतच नाहीं, अशी त्याची ख्याति आहे. ती कितपत खरी, हें येथें पहावयाचें आहे.

कोणी म्हणेल, देगलूरसारख्या तालुक्याच्या गांवीं बसून असल्या मोटारींची चर्चा कशाला? त्यास आमचें उत्तर दुहेरी आहे. पहिलें असें कीं, आपल्या घरचीं मुलें आतां पुण्या-हैदराबादेस व त्याहूनहि दूर, जर्मनी-अमेरिकेंत नोकरीस आहेत. तिकडे जुनी वेगवान मोटार नव्याच्या मानानें बऱ्याच कमी किंमतींत मिळते व तरुण मनाला तिचा मोह पडतो. दुसरें असें कीं, अकोल्याहून नांदेड व देगलूर करीत संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आमच्या गांवावरूनच जातो. त्यावरील मालमोटारींचे ब्रेक आणि शर्यतीच्या मोटारीचे ब्रेक यांचा शत्रु एकच आहे. तो म्हणजे उष्णता.

ब्रेक म्हणजे गति नाहींशी करणारें यंत्र नव्हे. सृष्टींत कांहींच नाहींसें होत नाहीं, तें रूपांतर पावतें. ब्रेक दाबला म्हणजे धांवत्या मोटारीची शक्ति घर्षणानें उष्णता होऊन ब्रेकच्या चकत्यांत उतरते. १५०० किलो वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटरांवरून थांबविली, तर जी उष्णता उत्पन्न होते तिनें साधारण पावणेदोन लिटर थंड पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं २०० किलोमीटर झाला, तर उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. सुमारें सात लिटर पाणी उकळेल इतकी ती होते, आणि ती कांहीं सेकंदांत चार चकत्यांना गिळावी लागते. शर्यतीच्या वाटेवर तर प्रत्येक वळणापाशीं हेंच पुनः पुनः घडतें.

साध्या मोटारीची चकती ओतीव लोखंडाची असते. लोखंड स्वस्त व भरंवशाचें. परंतु वजनदार, गंजणारें, आणि फार तापलें म्हणजे तडकणारें किंवा वांकडें होणारें. यासाठीं अभियंत्यांनीं प्रथम विमानांकडे पाहिलें. कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाच्या चाकांना कार्बनचे ब्रेक होते. पुढें शर्यतीच्या मोटारींनींहि ते उचलले. आमच्या भागाला जवळचें उदाहरण हैदराबादचें आहे. ज्या शहराकडे देगलूर १९४८ पर्यंत राजधानी म्हणून पाहत असे, तेथेंच संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत. अग्नि क्षेपणास्त्र वातावरणांत परत शिरतांना त्याच्या टोकाला जी भयंकर उष्णता सोसावी लागते, तिच्यासाठीं तेथें कार्बन-तंतूंचे पदार्थ सिद्ध करण्यांत आले. अग्नीची पहिली चांचणी २२ मे १९८९ रोजीं झाली. त्याच विद्येंतून पुढें 'तेजस' या लढाऊ विमानासाठीं कार्बनच्या ब्रेक-चकत्या निघाल्या. त्या विमानाची जुळणी आतां नाशिकनजीक ओझर येथेंहि होऊं लागली आहे.

निव्वळ कार्बनच्या चकतीचा एक दोष असा कीं, ती तापल्याशिवाय नीट धरत नाहीं. विमानाला किंवा शर्यतीला हें चालेल. पण सकाळीं थंड मोटार घेऊन बाजारांत निघालेल्या गृहस्थाला पहिल्याच चौकांत थांबावयाचें असतें! यावर तोड निघाली ती अशी. कार्बनचे तंतु व राळ यांचें मिश्रण सांच्यांत दाबून, हवा न लागूं देतां, सुमारें ९०० ते १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. त्यामुळें राळेचा कोळसा होतो व चकती सच्छिद्र बनते. नंतर त्या छिद्रांत वितळलेलें सिलिकॉन मुरवितात. सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळतें. कार्बनशीं संयोग पावून त्याचें सिलिकॉन कार्बाइड होतें. हा पदार्थ कठिणपणांत हिऱ्याच्या थोडाच खालीं. अशी चकती लोखंडी चकतीच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते, ती गंजत नाहीं, आणि थंड असतांनाहि धरते. इ. स. २००० ते २००२ या काळांत मर्सिडीझ, पोर्शे व फेरारी यांनीं या चकत्या रस्त्यावरच्या निवडक मोटारींवर बसविल्या. त्यांची किंमत आजहि आपल्याकडे लाखो रुपयांच्या घरांत जाते.

आतां आयुष्याचा प्रश्न. साध्या रस्त्यावर, विवेकानें चालविल्यास, ही चकती खरोखरच फार थोडी झिजते. पुष्कळ मोटारींचें आयुष्य संपतें, पण चकती जाडीनें जवळपास तशीच राहते. ख्यातीचा आधार हा. परंतु येथेंच एक मेख आहे. लोखंड झिजतें तें जाडीनें. मापकानें माप घेतलें कीं कळतें, बोट फिरविलें तरी कडेला आलेला कंगोरा लागतो. सिरॅमिक चकती मात्र आंतून जळते. तिच्यांतील कार्बन, हवेच्या सान्निध्यांत सुमारें ४०० ते ५०० अंशांपुढें हळूहळू जळूं लागतो, जसा शेगडींतला कोळसा विझल्यासारखा दिसला तरी जळतच असतो. शर्यतीच्या वाटेवर ही उष्णता वारंवार गांठली जाते. चकतीची जाडी तीच, पण आंतील तंतु खर्ची पडलेले. वरून तुळई शाबूत आणि आंतून वाळवीनें पोखरलेली, तशांतलाच प्रकार.

म्हणूनच या चकतीची परीक्षा वजनावर करतात. पोर्शेच्या चकतीवर तिचें कमींत कमी वजन कोरलेलें असतें. चकती काढून तराजूंत घालावयाची व वजन त्याखालीं गेलें असल्यास ती टाकून द्यावयाची. कांहीं कारखान्यांत विद्युच्चुंबकीय यंत्र चकतीला लावून आंत किती कार्बन शिल्लक आहे हेंहि तपासतात. प्रारंभींच्या चकत्या शर्यतीच्या वापरांत अपेक्षेहून लवकर खर्ची पडतात, अशी मालकांची ओरड झाली व कारखानदारांना रचना सुधारावी लागली. आजहि शर्यतीच्या वाटेवर नेमानें जाणारे पुष्कळ शहाणे मालक महागड्या चकत्या काढून ठेवतात व लोखंडी लावतात. लोखंडी लवकर संपतात खऱ्या, पण संपतांना सांगून संपतात, आणि नव्या घेतांना घर विकावें लागत नाहीं.

दुसरें भय हलगर्जीपणाचें. हा पदार्थ कठिण असला तरी ठिसूळ आहे. चाक काढतांना तें चकतीच्या कडेवर आदळलें तर टवका उडतो, आणि लहानशा टवक्यापायीं सबंध चकती बाद होऊं शकते. म्हणून जाणता कारागीर बोल्टांच्या भोकांत लांब खुंट्या घालून त्यांवरून चाक अलगद सरकवितो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडून ही अपेक्षा करणें व्यर्थ.

यावरून जुनी वेगवान मोटार घेऊं पाहणाऱ्या मुलास वडील मंडळींनीं कोणते प्रश्न विचारावे, तें सहज सुचेल. मोटार शर्यतीच्या वाटेवर गेली होती काय? चकत्या काढून कधीं तोलल्या, व त्यांचें वजन किती भरलें? कडांना टवके आहेत काय? हे तीन प्रश्न न विचारतां केलेला सौदा स्वस्त वाटला, तरी एका नव्या संचाच्या किंमतींत ती सारी बचत बुडूं शकते. आणि पैसा गेला तर परत मिळवितां येतो. जीर्ण ब्रेकावर विसंबून ताशीं दोनशें किलोमीटरांनीं गेलेला मुलगा परत मिळवितां येत नाहीं.

पदार्थ कितीहि उत्तम असला तरी वापरणाराची बुद्धि तो पुरवीत नाहीं, हें आपल्याकडील घाटांवरून कळतें. खंडाळ्याहून खोपोलीस उतरणारी २५ टनांची मालमोटार सुमारें ५०० मीटर खालीं येते. सगळा भार ब्रेकवर टाकला तर जवळजवळ चारशें लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता त्यांत उतरेल. म्हणून जड गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून इंजिनच्या अडवणुकीनें उतरवावी, असा नियम आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर एका मालमोटारीनें कित्येक वाहनांना धडक दिली. इंधन वांचविण्यासाठीं चालकानें उतारावर इंजिन बंद केलें होतें, असें पोलिसांनीं त्या वेळीं सांगितलें. असल्या वागण्यापुढें कोणत्याहि चकतीचा उपाय नाहीं.

शेवटीं, साध्या मोटारीच्या मालकानेंहि ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट. ब्रेकच्या नळींतील तेल हवेंतील ओल शोषून घेतें. सामान्यतः वापरांत असलेलें 'डॉट ४' जातीचें तेल कोरडें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. ओल मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलें कीं वाफ होते, पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो, आणि चकती सोन्याची असली तरी उपयोग होत नाहीं. म्हणून दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें. खर्च फार नाहीं. टिकाऊ वस्तु म्हणजे कधींच न संपणारी वस्तु नव्हे. ती कशी संपते हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातीं ती टिकाऊ ठरते. तेव्हां पुढच्या खेपेस मोटार दुरुस्तीस जाईल त्या दिवशीं, तेल शेवटचें कधीं बदललें, एवढा एक प्रश्न प्रत्येक गृहस्थानें अवश्य विचारावा.