वात वळावी तसा वारा

समईसाठी वात वळताना हातांकडे नीट पाहा. खालचा तळहात जागेवर असतो, वरचा पुढे सरकतो आणि मधला कापूस आडवा गोल फिरू लागतो. टोर्नेडोची सुरुवात अशीच होते. जमिनीलगत वारा सावकाश वाहत असतो, वर काही किलोमीटरवर तो जोरदार आणि वेगळ्या दिशेने वाहतो. मधल्या हवेची आडवी वात वळली जाते, पण ती डोळ्यांना दिसत नाही.

अमेरिकेत वसंतात मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा उत्तरेला सरकते. नैऋत्येच्या उंच, कोरड्या पठारांवरून आलेली हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. ऊन खालून तापवत राहतं. दुपारी कुठेतरी झाकण सुटलं की कोंडलेली हवा उसळून वर जाते आणि जाताना ती आडवी वात उभी करते. मग अख्खा ढगच फिरू लागतो. याला सुपरसेल म्हणतात. ढगाच्या मागच्या बाजूने उतरणारी हवा त्याच्या पायथ्याशी वळसा घालते, तिथली फिरकी आवळत जाते, आणि जितकी आवळते तितकी वेगवान होते. आपल्या किनाऱ्यावर येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसचे दिवस टिकतं. टोर्नेडो बहुधा काही मिनिटांचा आणि काहीशे मीटर रुंदीचा. फिरणाऱ्या बहुतेक ढगांतून तो उतरतही नाही.

२०११ साली मात्र ही सगळी सामग्री पुन्हा पुन्हा एकत्र आली. वर्षभरात सुमारे १,७०० टोर्नेडो झाले आणि साडेपाचशेहून अधिक माणसं गेली. २५ ते २८ एप्रिल या चार दिवसांतच साडेतीनशेहून जास्त टोर्नेडो झाले. २७ तारखेला पहाटेच वादळांची एक रांग अलाबामातून गेली, तिने वीज घालवली आणि हवामान-रेडिओची काही प्रक्षेपण केंद्रंही बंद पाडली. दुपारी खरे राक्षस आले तेव्हा अनेक घरांत इशारा पोचवायला काही उरलंच नव्हतं. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल गावांवरून गेलेला टोर्नेडो दोनशेहून अधिक किलोमीटर जमिनीला टेकून राहिला. त्याने ७२ जणांचा जीव घेतला.

टोर्नेडोच्या पोटातला वारा क्वचितच मोजता येतो. म्हणून पाहणी पथक नंतर पायी हिंडतं, काय मोडलं आणि ते किती मजबूत बांधलेलं होतं हे बघतं, आणि त्यावरून वेग ठरवतं. ही पद्धत टेट्सुया फुजिता यांची. तिच्या सुधारित श्रेणीत सर्वांत वरची पायरी ताशी ३२० किलोमीटरच्या पुढची. त्याच २७ एप्रिलला मिसिसिपीतल्या फिलाडेल्फियाजवळ एका कुरणातली माती गवतासकट दोन फूट खोल सोलली गेली होती.

२२ मे, रविवार, मिसुरीतलं जॉप्लिन. तिथे सळ्यांनी जमिनीत ठोकलेले वाहनतळावरचे काँक्रीटचे ठोकळे उपटून दूर फेकले गेले. दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो याच गावाचा हिशेब, कारण इथे इशारा पोचला होता. टोर्नेडो जमिनीला टेकण्याच्या साधारण सतरा मिनिटं आधी तो दिला गेला, भोंगेही वाजले. नंतरच्या चौकशीत दिसलं की पहिल्या भोंग्याला बहुतेक लोक हललेच नाहीत. भोंगे एरवीही वाजायचे आणि काही व्हायचं नाही. लोक दारात येऊन आभाळ बघत राहिले, टीव्ही लावला, शेजाऱ्यांना विचारलं. यात त्यांना बेफिकीर म्हणणं अन्याय होईल. घर सोडून आडोसा गाठण्याआधी माणूस खात्री करून घेतो, तेवढ्यात मिनिटं सरतात.

पुढच्याच वर्षी, २०१२ च्या वसंतात, कॅन्सस आणि मिसुरीतल्या हवामान कार्यालयांनी इशाऱ्याची भाषा बदलून पाहिली. नुसतं ‘टोर्नेडोचा इशारा’ न म्हणता काय होणार ते त्यात लिहिलं जाऊ लागलं: घरं जमीनदोस्त होतील, आडोशाला नसाल तर जगणं कठीण आहे. जॉप्लिनच्या शाळा पुन्हा बांधताना त्यांत वादळात तग धरणाऱ्या खोल्या घातल्या, आणि त्या आसपासच्या वस्तीलाही खुल्या ठेवल्या.