‘क्रमशः’ला न पुरलेली तबकडी

सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या गेमयंत्राच्या वरच्या कडेला एक छोटी कळ असते. ती सरकवली की पाठीवरचं झाकण टचकन उघडतं. झाकणाच्या खाचेत तबकडी बसवायची, झाकण दाबायचं आणि यंत्र कानाशी धरायचं. आत बारीक घरघर सुरू झालेली ऐकू येते. ही तबकडी ६० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या नेहमीच्या सीडीच्या निम्म्या रुंदीची. पण ती मोकळी हाताला लागत नाही. प्लास्टिकच्या दोन पाकळ्यांमध्ये ती कायमची बंद असते. मागच्या बाजूला लेझर किरणापुरती एक खिडकी, तीही उघडी, बिनझडपेची. सगळ्याचं मिळून वजन जेमतेम १० ग्रॅम. गेमच्या प्रत्येक वस्तूला सरसकट ‘कॅसेट’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आयांना ही बघून आपलं बरोबरच होतं, असं वाटलं असतं.

हिचं नाव युनिव्हर्सल मीडिया डिस्क, थोडक्यात यूएमडी. नाव विश्वव्यापी, पण जगात ती एकाच घराण्याच्या यंत्रात चालते. त्या यंत्रासाठी काही काळ दूरचित्रवाणी मालिकाही अशा तबकड्यांवर विकल्या गेल्या.

सोनीचे केन कुतारागी यांनी २००३ साली लॉस एंजेलिसच्या ई-३ प्रदर्शनात पीएसपीची घोषणा केली, तेव्हा तिला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हटलं होतं. म्हणजे गेम हे निमित्त. खिशात सिनेमा, गाणी, सगळंच यावं ही मनीषा. १२ डिसेंबर २००४ रोजी पीएसपी जपानमध्ये आणि २४ मार्च २००५ रोजी अमेरिकेत दाखल झाली. अमेरिकेतल्या पहिल्या दहा लाख यंत्रांच्या खोक्यात गेम नव्हे, तर ‘स्पायडर-मॅन २’ची यूएमडी फुकट होती. गिऱ्हाइकाला सवय लावायची तर पहिला घास आपण भरवायचा, हा व्यापारातला जुना हिशेब. त्याच वर्षीच्या जूनपर्यंत दोन चित्रपटांच्या यूएमडी प्रत्येकी लाखावर खपल्याचं सोनी पिक्चर्सने जाहीर केलं आणि बाकीचे स्टुडिओही मैदानात उतरले.

हातातल्या गेमयंत्रावर मालिका दाखवायची कल्पना मात्र सोनीची नव्हे. २००४ मध्येच गेम बॉय ॲडव्हान्सवर ‘स्पंजबॉब’सारखी कार्टून मिळू लागली होती. पण ती तबकडीवर नव्हे, गेमच्याच काडतुसात. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा; त्यावर चित्र म्हणजे पावसात भिजलेलं वर्तमानपत्र. त्यापुढे पीएसपीचा ४.३ इंची, ४८० बाय २७२ ठिपक्यांचा रुंद पडदा म्हणजे चैनच. यूएमडीच्या दोन थरांत १.८ जीबी मजकूर मावायचा. डीव्हीडीच्या तुलनेत ही जागा अगदीच थोडी, पण तेव्हा नव्या असलेल्या एच.२६४ या पद्धतीने चित्र इतकं घट्ट बांधता येई की दोन तासांचा चित्रपट त्यात आरामात बसे.

चित्रपट बसला. अडचण झाली ती मालिकेची.

खरं तर खिशातल्या पडद्याशी जास्त जुळायला हवी होती ती मालिकाच. अडीच तासांचा सिनेमा लोकलच्या डब्यात कोण संपवणार? वीस-बावीस मिनिटांचा विनोदी भाग मात्र ठाण्याला चढून घाटकोपर-कुर्ल्यापर्यंत उरकतो. आणि मालिका तबकडीवर खपतात याचा पुरावाही समोर होता. २००२ मध्ये बंद पडलेली ‘फॅमिली गाय’ ही कार्टून मालिका तिच्या डीव्हीडींच्या खपामुळे मे २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या सप्टेंबरात तिचीच ‘स्टुई ग्रिफिन: द अनटोल्ड स्टोरी’ डीव्हीडीबरोबर यूएमडीवरही आली. ही गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. दिसायला तो चित्रपट. प्रत्यक्षात एकमेकांना शिवलेले तीन भाग, जे पुढे मे २००६ मध्ये टीव्हीवर सुटे सुटे दाखवले गेले. तबकडीच्या दुकानात शिरण्यासाठी मालिकेला सिनेमाचा कोट घालावा लागला.

कोट न घालता आलेल्याही होत्या. अमेरिकेत ‘चॅपेल्स शो’, ब्रिटनमध्ये ‘लिटल ब्रिटन’, जपानी ॲनिमेपैकी ‘घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २६ मार्च २००५ रोजी पंधरा वर्षांहून मोठ्या खंडानंतर नियमित मालिका म्हणून परतली होती; पीएसपी युरोपात १ सप्टेंबरला आली आणि ही मालिकाही यूएमडीवर आली. तिच्या पहिल्या हंगामाचे १३ भाग, प्रत्येकी सुमारे ४५ मिनिटांचे. म्हणजे जवळजवळ दहा तास. एका तबकडीत मावतात दोन-सव्वादोन तास. साहजिकच मालिका तुकड्या-तुकड्यांनी विकावी लागली.

इथे घोडं पेंड खातं. मालिका जगते ती ‘क्रमशः’वर. दिवाळी अंकातली कथा एका बैठकीत संपते. साप्ताहिकातली कादंबरी मात्र पुढच्या अंकासाठी माणसाला झुरायला लावते. टीव्हीने हीच युक्ती उचलली. यूएमडीने मात्र प्रेक्षकाला नेमकं पुढच्या भागापाशी आणून थांबवलं. पुढे बघायचं तर दुसरी तबकडी विकत घ्या, ती खिशात बाळगा, चालत्या गाडीत झाकण उघडून बदला. घरी टीव्हीला लावावी म्हटलं, तर यूएमडीचा घरगुती प्लेअर कुणी विकतच नव्हतं आणि पहिल्या पीएसपीला टीव्हीला जोडायची सोयही नव्हती. ती २००७ च्या सडपातळ आवृत्तीत आली. कोरी यूएमडीही बाजारात कधी मिळाली नाही. एवढं करून किंमत डीव्हीडीच्या आसपास किंवा वरच.

त्यात देशोदेशीच्या कुंपणांची भर. पीएसपीचे गेम कुठलेही कुठेही चालत. चित्रांच्या तबकड्यांना मात्र डीव्हीडीसारखेच विभाग: अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेला गेम पुण्यात घेतलेल्या यंत्रावर सुरू व्हायचा. तिने पाठवलेली मालिका सुरू होईलच याची खात्री नव्हती.

यूएमडीचा प्रतिस्पर्धी त्याच यंत्राच्या कुशीत बसला होता: मेमरी स्टिकची खाच. आपल्याच डीव्हीडीवरचे भाग संगणकावर आटवून त्या कांडीवर भरायचे, हा उद्योग हौशी पोरांनी लगेच सुरू केला. सुरुवातीला कांडीवरचं चित्र पडद्याच्या पूर्ण ठिपक्यांत चालू द्यायचं नाही, अशी सोनीची व्यवस्था होती; तो मान यूएमडीचा. हे बंधन २००७ मध्ये सुटलं, पण तोवर यूएमडीचा बाजार उठला होता. १२ ऑक्टोबर २००५ रोजी ॲपलने चित्र दाखवणारा आयपॉड आणला आणि ‘लॉस्ट’, ‘डेस्परेट हाउसवाइव्हज’चे भाग १.९९ डॉलरला एक असे विकायला काढले. आयपॉडचा पडदा अडीच इंची, पीएसपीपुढे पोस्टाच्या तिकिटाएवढा. तरी लोक तिकडे वळले, कारण तिथे विकला जात होता तो थेट पुढचा भाग.

२००६ च्या वसंतापर्यंत अमेरिकेतले मोठे स्टुडिओ एकेक करून मागे सरले. २००९ च्या पीएसपी गोमध्ये यूएमडीची खाचच नव्हती. २०११ च्या व्हिटा या सोनीच्या पुढच्या यंत्रातही नव्हती. जुन्या गेमच्या यूएमडीच्या बदल्यात सवलतीने डिजिटल प्रत देण्याची सोय जपानमध्ये झाली. मालिकांच्या तबकड्यांसाठी तसं काही झालं नाही.

आज हौशी माणसं या तबकड्या जुन्या बाजारातून शोधून आणतात. बऱ्याच तबकड्यांच्या प्लास्टिकच्या पाकळ्या सुटलेल्या असतात. डिंकाचा थेंब लावून, चिमट्यात दाबून त्या पुन्हा जोडाव्या लागतात. मग कळ सरकवायची, झाकण दाबायचं. घरघर सुरू होते, ४.३ इंचांवर शीर्षकगीत वाजतं आणि चित्र आजही नजरेत भरेल इतकं नितळ दिसतं. भाग संपतो, नावं वर सरकतात, घरघर थांबते आणि मेनू परत येतो. पुढचा भाग दुसऱ्या तबकडीवर आहे.