माळवदाच्या घरातला उजेड

कन्नड तालुक्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे सपाट छत असते. उजेड मुख्यतः दारातून आणि छतातल्या झरोक्यातून येतो. म्हणून आतला फोटो घेताना कॅमेरा तिवईवर ठेवून काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागते. तेवढ्यात माणूस हलला तर पुसट होतो. खुंटी, कोनाडा, चुलीमागची काजळी मात्र ठळक उमटते. घराची आठवण बहुधा अशा जागीच साठलेली असते. तरी घराचा फोटो ही नुसती नोंद नव्हे, त्यात काढणाऱ्याची निवड असते. पॅरिसचे छायाचित्रकार युजीन आत्जे यांनी १९१० च्या सुमारास केलेल्या घरांच्या अंतर्भागांच्या संग्रहात स्वतःचे घरही दुसऱ्याचे म्हणून दाखवले होते.